शरीराचा हक्क आणि हँडबॉलचा खेळ
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली या दाट वस्तीच्या भागात क्रिकेटला पुरेल एवढे मैदान मिळणे कठीण. हँडबॉलला मात्र ४० मीटर लांब व २० मीटर रुंद जागा पुरते. म्हणून हा खेळ आपल्या शाळांना सोयीचा आहे. १९७२ साली म्युनिक येथे पुरुषांचा बंदिस्त मैदानातील हँडबॉल ऑलिंपिकमध्ये आला, १९७६ साली माँट्रियल येथे महिलांचा आला. २०२३ साली जयपूरला झालेल्या पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचे विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेन संघाने मिळविले.

नावामुळे हा केवळ हाताचा खेळ वाटतो आणि मुले फक्त चेंडू फेकण्याचा सराव करतात. परंतु तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांत खेळाडूला वारंवार धावावे, थांबावे, वळावे आणि उडी मारावी लागते. फेकीचा जोर पायांतून निघून कंबर व धडातून खांद्यापर्यंत येतो. पाय थकले की फेक मंदावते, बचावाला परतताना उशीर होतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत गोल होतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न दुखापतीचा आहे. उडी मारून फेक केल्यावर खेळाडू बहुधा एका पायावर उतरतो. त्या वेळी गुडघा आत वळला, तर आतील अस्थिबंध तुटू शकतो. नॉर्वेमध्ये १५ ते १७ वर्षांच्या सुमारे १,८०० हँडबॉल खेळाडूंवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे धावणे, तोल, ताकद आणि नीट उतरण्याचे व्यायाम करणाऱ्या मुलांमध्ये गुडघा-घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. या व्यायामाला मोठी व्यायामशाळा लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, दंड, दोरीवरच्या उड्या, छोट्या धावा आणि एका पायावर तोल सांभाळणे एवढे करा. उतरताना गुडघा पंजाच्या रेषेत ठेवा. पहिल्या दिवशी ३० मीटर धावण्याचा वेळ लिहा, भिंतीवर खडूने उडीची खूण करा. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. प्रगती वहीतच दिसेल. रमजानमध्ये रोजा असताना उन्हात जोराचा सराव टाळावा. इफ्तारनंतर काही वेळाने हलका व्यायाम पुरे.

पालकांनो, खेळाने अभ्यास बुडतो ही आपली काळजी मी समजू शकतो. त्यासाठी वेळ ठरवून द्या, पण मैदान बंद करू नका. डाळ, चणे, अंडी, केळी आणि पुरेशी झोप एवढे घरातून मिळाले तरी पुष्कळ. आपल्या मुलींनाही हा अधिकार द्या. शाळेच्या आवारात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली त्यांचा सराव सहज होऊ शकतो.

शरीराचाही माणसावर हक्क असतो, ही आपल्या दीनची शिकवण आहे. सामना वर्षातून दोन-चारदाच होईल. सुदृढ शरीर मात्र परीक्षेत, नोकरीत आणि संसारात रोज उपयोगी पडेल. तो हक्क आपण मुलांना आणि मुलींना बरोबरीने द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.