घरगुती काचपेटीतील पाण्याचा सामू



सामू हा शब्द तुम्हाला नवा नाही. माती परीक्षणाच्या अहवालात तो असतोच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. पाण्यालाही हेच लागू पडते. मात्र सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे ध्यानात ठेवावे.

शोभिवंत माशांची काचपेटी आता खेड्यांतील घरांतही दिसते. काही भगिनी गप्पी, मोलीची पिल्ले विकून चार पैसेही मिळवतात. त्यांची एक तक्रार नेहमी कानी येते. मासे मलूल दिसले, सामू उतरलेला निघाला, म्हणून खाण्याचा सोडा टाकला आणि सकाळी मासे मेलेले!

असे का होते? माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. सामू कमी असेपर्यंत तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो व माशांना फारसा बाधत नाही. सोड्याने सामू एकदम चढला की त्यातील बराच भाग विषारी अमोनियात बदलतो. औषध म्हणून टाकलेला सोडाच मग भोवतो. तेव्हा अशा पेटीत आधी एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, तळाचा गाळ नळीने ओढून काढावा आणि रोज दहावा भाग पाणी बदलावे. दिवसात सामू अर्ध्या अंकापेक्षा जास्त हलू देऊ नये.

पेटीत सामू मुळात उतरतो तो जिवाणूंच्या कामामुळे. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. पाण्यातील बायकार्बोनेट ते शोषून घेतात. ते संपले की सामू घसरू लागतो. कोकणात जांभ्याच्या विहिरींचे पाणी मृदू, त्यात हा साठा थोडा, म्हणून तेथे हा त्रास लवकर होतो. उपाय घरचाच आहे. कालवांचे किंवा तिसऱ्यांचे शिंपले उकळून, धुऊन, जाडसर कुटावेत आणि मूठभर चुरा कापडी पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ ठेवावा. पाणी आम्लधर्मी होईल तसा तो हळूहळू विरघळतो. सामू वाढला की विरघळणे जवळजवळ थांबते. अंदाज चुकण्याचे भय त्यात फारसे नाही.

घाटमाथ्यावरील बोअरच्या पाण्याची अडचण उलटी. ते बहुधा जड व विम्लधर्मी असते. पेटीत टाकलेले खडेही तपासावेत. खड्यावर लिंबाचा रस पिळून फेस आला, तर त्यात चुना आहे. तो खडा सामू वाढवीत राहील. देशी बदामाची वाळलेली पाने टाकतात, पण त्यांचा परिणाम मृदू पाण्यातच दिसतो. जड पाणी नुसते चहासारखे होते. सामू उतरवण्यासाठी पेटीत लिंबू पिळणाऱ्यांना तर मी हात जोडतो. बायकार्बोनेट संपेपर्यंत फरक दिसत नाही आणि नंतर सामू एकदम कोसळतो. माझे मत विचाराल तर पाण्याशी झगडण्यापेक्षा त्याला मानवणारा मासा पाळावा. गप्पी, मोली जड पाण्यात चांगले वाढतात. टेट्राच हवे असतील तर पावसाचे पाणी मिसळावे. नुसते पावसाचे पाणी मात्र वापरू नये, कारण त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतात.

सामू रोज एकाच वेळी तपासावा. दिवसा वनस्पती कर्बवायू घेतात म्हणून तो संध्याकाळी चढलेला आणि पहाटे उतरलेला असतो. बोअरचे ताजे पाणीही लगेच तपासू नये. त्यात कर्बवायू विरघळलेला असतो. बादलीत दिवसभर ठेवल्यावर खरा सामू कळतो.

पावसाचे पाणी साठवताना पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्यावेत, छप्पर धुऊन निघाल्यावरचे पाणी धरावे आणि गंजलेल्या पत्र्यावरचे घेऊ नये. पिंप झाकून सावलीत ठेवावे.