सफरीचा आदला दिवस

शिडाच्या नौकेंतून एखाद्या जोडप्यानें जगप्रवास केल्याची वार्ता ऐकिली कीं डोळ्यांपुढें निळा समुद्र आणि वाऱ्यानें फुगलेलें शुभ्र शीड उभें राहतें. परंतु अशा प्रवासांतील पुष्कळसा काळ बंदरांत नांगर टाकून डागडुजी करण्यांत जातो, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

एरिक आणि सुझन हिस्कॉक हें इंग्रज दांपत्य 1952 सालीं ‘वाँडरर थ्री’ या अवघ्या 30 फूट लांबीच्या नौकेंतून निघालें आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1955 सालीं मायदेशीं परतलें. अशा प्रवासांत पदरीं ना खलाशी, ना सुतार. एकानें सुकाणूं धरलें म्हणजे दुसऱ्यानें झोंप घ्यावयाची. खरें पाहतां दोघांची नौका ही आळीपाळीनें एकट्याचीच नौका असते, आणि आदल्या दिवसाची सारी तयारी ही गोष्ट ओळखूनच केली जाते.

भल्या सकाळीं, वारा पडलेला असतांना, डोलकाठीची तपासणी होते. फळीच्या लहानशा पाळण्यांत एक जण बसतो. दुसरा दोर ओढून त्याला शेंड्यापर्यंत चढवितो. वर गेलेल्याचा जीव खालच्याच्या हातीं असतो. तारांचे पीळ आणि कप्प्या बारकाईनें न्याहाळावयाच्या. दोर कोठें घासतो तें हुडकून काढावयाचें. ताणापेक्षां अहोरात्र एकाच जागीं घासल्यानें दोराचा घात अधिक होतो. मग शीड मांडीवर घेऊन उसवलेली शिवण घालावयाची. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून जाड सुई रेटावी लागते. शिवणटिपण गृहिणीनेंच करावें हा नियम तेथें चालत नाहीं.

दुपार अन्नपाण्याची. अंड्यांना व्हॅसलीन चोळतात, म्हणजे कवचाचीं छिद्रें बुजून तीं कांहीं आठवडे टिकतात. डब्यांवरचे कागद सोलून नांवें रंगानें लिहितात. कारण नौकेच्या तळाशीं साचलेल्या पाण्यांत कागद सुटले तर पंप तुंबतो. शेवटीं लहान होडी पालथी घालून जखडली जाते. करवत कोठें, विजेरी कोठें, जादा दोर कोठें, हें दोघें एकमेकांना दाखवितात. काळोखांत हात घातला कीं वस्तु सांपडली पाहिजे.

इतका खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर माइल्स आणि बेरिल स्मीटन यांच्या हकीकतींत मिळतें. माइल्स हे पूर्वीं तेव्हांच्या हिंदी सैन्यांत अधिकारी होते. फेब्रुवारी 1957 मध्यें केप हॉर्नच्या वाटेवर एका प्रचंड लाटेनें त्यांची 46 फुटी ‘त्झू हांग’ नौका नाळेवरून उलथून टाकिली. त्या क्षणीं सुकाणूंपाशीं बेरिल एकट्याच होत्या. माइल्स आणि त्यांचे मित्र जॉन गझवेल खालीं होते. बेरिल यांना बांधलेला दोर तुटला आणि त्या समुद्रांत फेंकल्या गेल्या. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, सुकाणूं गेलें, खोलीवरचें छप्पर उडालें. जखमी बेरिल पोहत नौकेकडे आल्या. दोघांनीं त्यांना वर ओढून घेतलें. मग तिघांनीं बादल्यांनीं पाणी उपसलें. फळ्या आणि कापड ठोकून भगदाड झांकलें. गझवेल सुतारकामांत वाकबगार. हातीं असलेल्या लांकडांतून कामचलाऊ डोलकाठी उभी राहिली आणि मार्च महिन्यांत नौका चिलीच्या किनाऱ्यास लागली.

तयारीनें लाट अडली नाहीं. जिवाचा म्हणून बांधलेला दोरहि टिकला नाहीं. परंतु पाणी उपसावयास बादल्या होत्या, भगदाड झांकावयास कापड होतें आणि लांकडाला आकार देणारे हात होते.

दिवस मावळतांना जोडपें कामांच्या यादीवर अखेरची रेघ ओढतें. समुद्र जिंकल्याची ऐट त्यांत नसते. उद्यां मध्यरात्रीं जोडीदार सुकाणूंपाशीं एकटा बसलेला असेल, तेव्हां त्याला हवें तें हाताशीं असावें आणि खालीं दुसऱ्याला निर्धास्त डोळा लागावा, एवढ्याचसाठीं तो सारा दिवस खर्चीं पडलेला असतो.