प्रौढांचा लेखनवर्ग

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त उघडलेल्या लेखनवर्गाच्या आरंभीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें ह्या स्मरणिकेसाठीं मजकूर मागितला, तेव्हां देणगीदारांचीं नांवें आलीं, धर्मगुरूंच्या कारकीर्दीच्या तारखा आल्या, छायाचित्रेंहि पुष्कळ आलीं. परंतु देऊळ बांधतांना ज्या बायांनीं डोक्यावरून रेती वाहिली, त्यांच्याकडून एक ओळहि आली नाहीं. विचारावें तर उत्तर ठरलेलें: "फादर, आम्हांला कुठें लिहितां येतें?" त्या उत्तरासाठीं आजचा हा वर्ग आहे. येथें काव्य किंवा कादंबरी शिकवावयाची नाहीं. जें पाहिलें, ऐकलें, सोसलें, तें खरेपणानें कागदावर उतरविणें, एवढेंच शिकावयाचें आहे.

न लिहिल्यानें काय होतें हें पाहण्यास दूर जावयास नको. अंधेरीच्या पूर्वेस, सीप्झच्या आवारांत, कोंडिता गांवच्या संत योहान बाप्तिस्ताच्या देवळाच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. तें देऊळ सन १५७९ चें. १८४० च्या सुमारास सांथ आली, लोकांनीं तें सोडलें आणि मरोळ येथें नवें देऊळ केलें. मे महिन्यांत एक दिवस त्या भिंतींमध्यें मिस्सा होतो व जुन्या घराण्यांचे वंशज तेथें जमतात. परंतु घरें सोडतांना कोण मागें राहिलें, आजाऱ्यांस कोणीं उचललें, देवळांतील सामान कोणाच्या खांद्यावरून गेलें, ह्याविषयीं त्या लोकांच्या हातचा एकहि कागद माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं. आज आपलीं गांवठाणें उंच इमारतींच्या मध्यें बुडत चाललीं आहेत. आपल्याविषयींहि पुढच्या पिढीस अशा दोन तारखांवरच भागवावें लागेल काय?

कोणी म्हणेल, आतां ह्या वयांत काय शिकणार? कोंडित्याचें देऊळ ज्या वर्षींचें, त्याच वर्षीं फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले. तिशीच्या घरांतला हा इंग्रज माणूस परकी भाषा शिकला आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. पण ते पडले विद्वान! तर मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावें. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. पण मराठी ख्रिस्ती घरांत त्यांच्याइतकें सरस गद्य कोणीं लिहिलें, हें मला कोणीं तरी दाखवावें. त्या शाळेंत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर पतीकडून. रेव्हरंड टिळक १९१९ सालीं वारले, आणि 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं, तेव्हां बाई साठी ओलांडून गेल्या होत्या. त्यांत त्यांनीं कोणाचाहि पुतळा उभारला नाहीं. पतीचा संताप, घरांतली तंगी, स्वतःची फजिती, सर्व कांहीं बोलतां बोलतां सांगून टाकलें आहे.

दुसरें उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे ह्यांचें. बाई लहानसें किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यास आणलेल्या रद्दींतले कागद त्या वाचीत आणि दुकानांत बसूनच, घरच्यांपासून लपवून, लिहीत. कित्येक वर्षें तें लिखाण तसेंच पडून होतें. १९८२ सालीं तें 'स्त्री' मासिकांत क्रमशः आलें, १९८६ सालीं 'जिणं आमुचं' हें पुस्तक झालें. नांवांतला 'आमुचं' हा शब्द ध्यानांत घ्यावा. त्यांनीं एकटीची नव्हे, अवघ्या महारवाड्याची हकीकत सांगितली. आणि ज्यांस लिहितांच येत नाहीं त्यांचें काय? मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार ह्यांनीं आंबेडकरी चळवळींतल्या बायांना गांठून, त्यांच्या तोंडचें ऐकून घेतलें, आणि १९८९ सालीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक काढलें. एकानें सांगावें, दुसऱ्यानें उतरावें, ही रीत आपणहि पाळूं.

आतां वर्गांत काय करावयाचें तें सांगतों. प्रत्येकानें आपलें लिखाण मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं स्तुति न करतां प्रश्न विचारावे. "त्या वर्षीं फार हाल झाले" असें कोणीं वाचलें, तर आपण विचारूं: कसले हाल? पाणी कोणत्या विहिरीचें? दिवसाला किती खेपा? उत्तर येईल तेंच लिहावयाचें असतें. 'फार हाल' हे शब्द मग आपोआप गळतात. साल आठवत नसेल तर तें कोणाच्या बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या आगेमागें घडलें तें सांगावें. धर्मग्रामाच्या वह्या माझ्यापाशीं आहेत, तारीख मी ताडून देईन. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत तर दोन्ही ठेवाव्या, माझ्याकडे निवाड्यास आणूं नयेत.

भाषा आपल्या घरची असावी. ईस्ट इंडियन बोलींत आजी जें बोलली तें तिच्याच शब्दांत राहूं द्यावें. शाळामास्तरी मराठींत तिला बसविली कीं ती आजी राहत नाहीं. शुद्धलेखन मागाहून पाहतां येईल. परंतु जिवंत माणसाचें नांव त्यास विचारल्यावांचून घालावयाचें नाहीं, आणि कंपाउंडच्या भिंतीचीं भांडणें येथें आणावयाचीं नाहींत. त्यांस कोर्ट आहे.

लोक धर्मगुरूंविषयीं भलतेंसलतें लिहितील, अशी धास्ती समितींतल्या कांहीं मंडळींनीं मजपाशीं बोलून दाखविली. खरें असेल तर लिहोत बापडे. पन्नास वर्षांत ह्या वेदीवर उभे राहिलेले आम्ही सगळेच कांहीं देवदूत नव्हतों, आणि वह्यांत तें कोठेंहि नोंदलेलें नाहीं.

वर्ग दर शुक्रवारीं सायंकाळीं सात वाजतां शाळेच्या मोठ्या खोलींत भरेल. दोनशें पानी वही, पेन आणि ज्यांस लागतो त्यांनीं चष्मा आणावा. ज्यांचा हात कांपतो त्यांनीं लिहितां येणाऱ्या नातीस बरोबर घ्यावें. पहिल्या शुक्रवारचा विषय, "आमच्या घरीं पाणी कोठून येत असे." दीड पान पुरे.