डोंगरउतारावरची शेती : पाणी कुठे जिरवावे, कुठे काढून द्यावे



ज्यांची खाचरे आणि वरकस जमिनी सह्याद्रीच्या उतारावर आहेत, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. आंबेगाव तालुक्यातले माळीण आपण विसरलेलो नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसे घरांसकट गाडली गेली. पाऊस अतोनात होताच. पण उताराची तोडफोड हेही एक कारण सांगितले गेले.

असे का होते? खाली कातळ, वर मातीचा थर. मुरलेले पाणी कातळाशी अडते, माती जड होते आणि तिची पकड सुटते. झाडांची मुळे ती पकड धरून ठेवतात. पायथा कापला, की खालचा आधारच जातो.

आंबेगाव-जुन्नर भागातली पडकई आठवा. माणसे एकमेकांच्या मदतीने कुदळ-फावड्यांनी खाचर पाडत, दगडाची ताल रचत. आता यंत्र तेच काम दिवसात उरकते आणि मोकळी माती उतारावर लोटून देते. यंत्राला माझा विरोध नाही; पण भाड्याचे तास मोजताना सांडवा ठेवायचा राहून जातो, हे मी पाहिले आहे.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आम्हीच तुम्हाला सांगितले. त्यात एक दुरुस्ती करून घ्या. वस्तीच्या डोक्यावर, तीव्र उतारावर आणि खोल मातीत पाणी जिरवू नका. तिथे वळण चर काढून ते ओढ्याला लावा. सलग समतल चर सौम्य उतारावर घ्या. समपातळी रेषा आखायला तीन काठ्यांची 'ए' आकाराची चौकट, दोरी आणि एक दगड पुरतो. खर्च काहीच नाही.

नाचणी-वरईची लावणी उताराला आडवी करा. बांधावर वाळा किंवा गिरिपुष्प लावा. गिरिपुष्पाचा पाला भातखाचरात गाडला की खत मिळते. राबासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या तर झाड खुरटते, म्हणून रोपवाटिका गादीवाफ्यावर करून पाहा.

आणि पावसाळ्यात लक्ष ठेवा. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर रात्र असली तरी थांबू नका. गुरे सोडा, म्हातारी माणसे व मुले घेऊन वस्तीबाहेर सुरक्षित जागी जा आणि मग तलाठ्यांना कळवा.

चौकट बनवायला अडचण आली तर गावच्या कृषी कर्मचाऱ्याला शेतावर बोलवा. आखणी मृगाच्या आधी झाली पाहिजे.