अठरा त्रिकोणांचा घन



झरी जामणीस शिक्षक असताना मी मुलांकडून बांबूच्या कांड्यांची भूमिती करून घेत असे. कांड्या सारख्या लांबीच्या, टोकांस सुतळी, प्रत्येक पृष्ठ समभुज त्रिकोण. कोठे खळगा नसावा, लगतचे दोन त्रिकोण एका पातळीत येऊ नयेत. ४, ६, ८, १०, १२, १४, १६ व २० पृष्ठांचे घन मुलांनी सिद्ध केले. एकास मी १८ पृष्ठांचा घन करावयास सांगितले. बिचारा आठवडाभर खपला, जुळेना. “तुझी बांधणीच ढिली,” असे म्हणून मी त्यास गप्प केले.

चूक माझी होती. वरील आठांवाचून असा घन संभवत नाही, हे फ्रॉयडेंटाल व व्हान डर वार्डेन यांनी १९४७ सालीच दाखवून दिले होते. कारण शाळेतल्या गणितानेही उमगते. १८ त्रिकोणांना कडा २७, म्हणून ऑयलरच्या सूत्राने कोपरे ११. एका कोपऱ्याशी ६० अंशांचे सहा कोन आले की पृष्ठभाग सपाट होतो. तेव्हा फार तर पाच. जागा ५५, कोन ५४. म्हणजे एका कोपऱ्याशी चार त्रिकोण आणि उरलेल्या दहांशी पाच-पाच. आता त्या चारांच्या कोपऱ्यापासून खाली बांधीत चला. भोवती चार कोपऱ्यांचे कडे येते, त्याखाली आणखी चारांचे. या दुसऱ्या कड्यातील प्रत्येक कोपऱ्यास चार कांड्या आधीच लागलेल्या असतात. पाचवी एकेकच उरते, आणि त्या चारही एकाच बिंदूत मिळतात. घन १० कोपऱ्यांत, १६ पृष्ठांत मिटतो. अकराव्यास जागाच नाही!

लोबाचेव्हस्की व बोल्याय यांच्या भूमितीत मात्र समभुज त्रिकोणाची बाजू वाढवावी तसतसे त्याचे कोन बारीक होतात. तेथे एका कोपऱ्याशी सहा काय, दहा त्रिकोणही ३६० अंशांच्या आत बसविता येतात. त्रिकोणांनी विणलेला कोणताही गोल घ्यावा, बाजू पुरेशी मोठी ठेवावी, की अलेक्सांद्रोव्ह यांच्या सिद्धान्तानुसार त्या पृष्ठभागाचा बहिर्वक्र घन मिळतोच. एका कोपऱ्याशी सहा येऊ दिले, तर १८ त्रिकोणांची वीणही जमते. घड्या मात्र मूळ कडांवरच पडतील असे नाही. आपल्या भूमितीतही तेच आहे: तीन चतुष्फलक ओळीने चिकटवा, पृष्ठे आठ, कोपऱ्याशी पाचांहून अधिक त्रिकोण नाहीत, तरी एका कडेवर खळगा पडतो, कारण तेथे सुमारे साडेसत्तर अंशांचे तीन कोन मिळून १८० ओलांडतात. तोच कागद खळग्यावाचून मिटावयाचा तर घड्या हलवाव्या लागतात.

गेल्या पावसाळ्यात तो विद्यार्थी भेटला. त्यास मी ५४ आणि ५५ चा हिशेब कागदावर मांडून दाखविला. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “म्हणजे गुरुजी, सुतळी घट्टच होती.”