गणिताचे गुण कसे वाचावेत?



सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया व तेलुगू अशा सात माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना या भागांत कापड उद्योगासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. अशा वस्तीतील शाळेची गणिताची सरासरी कमी दिसली, की दोष मुलांचा की शिक्षकांचा, एवढीच चर्चा होते. माझे म्हणणे असे, की प्रथम गुणांचीच परीक्षा घ्यावी.

पहिली बाब विद्यार्थिसंख्येची. इतर गोष्टी समान असता 100 मुलांच्या सरासरीपेक्षा 25 मुलांच्या सरासरीतील अनिश्चितता दुप्पट असते. म्हणून लहान शाळा एका वर्षी वर चढली वा खाली घसरली, एवढ्यावरून तिला शाबासकी वा ठपका देणे न्याय्य नव्हे.

दुसरी बाब प्रश्नांच्या काठिण्याची. सोप्या पत्रिकेतील 40 गुण आणि कठीण पत्रिकेतील 40 गुण सारखे नव्हेत. डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज राश यांनी 1960 साली यावर उपाय मांडला. मुलाची क्षमता व प्रश्नाचे काठिण्य त्यांनी एकाच मोजपट्टीवर ठेवले. दोन्ही समान असल्यास बरोबर उत्तराची शक्यता निम्मी. क्षमता अधिक असल्यास ती वाढते. दोन पत्रिकांत काही प्रश्न समान ठेवले, तर त्यांच्या आधारे निकालांची तुलना करता येते.

तिसरी बाब भाषेची, आणि सुरतेसारख्या शहरात तीच सर्वांत महत्त्वाची. एकूण क्षमता समान असलेली गुजराती व मराठी माध्यमाची मुले घ्यावीत. एखाद्याच प्रश्नात मराठी मुले लक्षणीय मागे राहिली, तर संशय गणितावर नव्हे, त्या प्रश्नाच्या भाषांतरावर घ्यावा.

12 नोव्हेंबर 2021 रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात सुमारे 34 लक्ष विद्यार्थी सहभागी झाले. ते नमुना सर्वेक्षण होते. जिल्ह्याचे चित्र दाखविणे हा त्याचा हेतू. त्यावरून एका शिक्षकाचे मूल्यमापन करू नये.

शिक्षकांनी मात्र एक काम आजच करावे. चाचणीनंतर एकूण गुणांबरोबर प्रत्येक प्रश्नाचा तक्ता ठेवावा: किती मुलांचे उत्तर बरोबर, किती जणांची चूक एकसारखी. हातच्याची वजाबाकी निम्म्या वर्गाला चुकली असेल, तर उद्याचा पाठ ठरलाच. आकडे मुलांना क्रमाने उभे करण्यासाठी नसून त्यांना पुढे नेण्यासाठी आहेत, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे, एवढीच विनंती.