टिकलेला संसार



संसार टिकावा असे म्हणणारा मनुष्य घटस्फोटाच्या विरुद्ध असलाच पाहिजे, अशी एक समजूत आहे. मी तसा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची तरतूद झाली. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने वेगळे होण्याचीही सोय झाली. योग्यच झाले. मार खाऊन रेटलेला संसार टिकलेला नसतो; तो नुसता उरलेला असतो.

मग टिकलेला कोणता? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. पण पाहिले ते विसरलो नाही. गिरणगावात कितीतरी बायकांनी खानावळीचे डबे करून चूल पेटती ठेवली. ज्या घरी पुरुषाने कमावतेपणाचा ताठा सोडून कणीक मळायला घेतली, डबे पोचवले, तेथे गरिबी आली, पण दुरावा आला नाही. जेथे तो नुसता चिडत बसला, तेथे संप घरातही शिरला.

युनियनची वर्गणी प्रत्येकाने आपापली भरायची असते. संसारातही तसेच आहे. एकटीच्या वर्गणीवर किती दिवस चालणार?